सासरी गेलेल्या आठ काचा

१

आठही काचा पिवळ्या पडल्या होत्या.

पिवळ्या म्हणजे फुलासारख्या नाहीत, जुन्या दातासारख्या. आदल्या दुपारी त्या काळ्याभोर होत्या. ज्या संस्थेत लोक उठता-बसता सूर्याबद्दल बोलतात आणि जिथे आठवडाभर ढगांमुळे सूर्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, तिथली सगळी आशा त्या आठ काचांवर टांगलेली होती.

पहिल्यांदा पाहिलं ते तिथे पीएचडी करणाऱ्या धाकटीने. ती ओरडली नाही. पेटीचं दार तसंच उघडं ठेवून स्टुलावर बसून राहिली. सर आले, त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "काल इथून शेवटी कोण गेलं?"

"मी."

"मग झालं तर."

त्या पेटीला सगळे 'सासर' म्हणत. आत रखरखीत दिवा, वर उकाडा, वर दमट हवा. पेरोव्हस्काइट नावाच्या काळ्या पदार्थाचा केसाहून पातळ थर काचेवर बसवायचा, त्यापासून वीज करणारा सेल बनवायचा आणि मग त्याला सासरी पाठवायचं: बघू किती दिवस नांदतोस. हा थर वीज भरपूर देतो, पण स्वभावाने नाजूक. ओल लागली की काळ्याचा पिवळा होतो आणि मरतो. इथल्या जुन्या संशोधक ताईंनी त्यात स्वतः शिजवलेलं पॉलिमर मिसळलं होतं. त्याच्या लांब साखळ्या थरातल्या दाण्यांमधल्या फटी बुजवायच्या, त्यामुळे वीज थोडी वाढायची आणि ओल बाहेर राहायची. या आठ काचा कित्येक महिने नांदत होत्या.

ताई मात्र आजारपणात गेल्या. आठवडाही झाला नव्हता. आणि आता त्यांच्या काचा.

२

दुपारी सौर पॅनेलं करणाऱ्या कंपनीची माणसं ताईंचं पॉलिमर बघायला येणार होती. त्याआधी सरांना बाहेरच्या माणसाच्या सहीचा एक कागद हवा होता: घातपात झाला, अमुक व्यक्तीने केला, तिला काढलं. म्हणून चिरफाडबाईंना बोलावलं गेलं.

बाईंचा धंदाच तो. छपरांवरची पॅनेलं अकाली मेली की ती त्यांच्याकडे येत. बाई त्यांचे थर एकेक करून सोलत आणि मरणाचं कारण सांगत. माणसांच्या भानगडीत त्या सहसा पडत नसत. पॅनेल खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं. पण सरांचा आवाज फोनवर इतका घाईत होता की बाईंना वाटलं, घाई करणाऱ्या माणसाला कारण नको असतं, नाव हवं असतं. म्हणूनच त्या आल्या.

जिन्यातच धाकटी उभी होती. ठेंगणी, डोळ्यांखाली काळं, हातात रिकामा पेला.

"तुम्ही सही केलीत की मी गेले," ती म्हणाली. "प्रबंध अर्धा झालाय. नंतर कुठली प्रयोगशाळा मला दारात उभी करेल?"

"तू केलंस का?"

"नाही."

"मग काल इथे काय करत होतीस?"

धाकटीने पेल्यात पाहिलं. "काही नाही. त्या पेटीजवळ ऊब असते."

३

सरांची उत्तरं. (प्रश्न बाईंनी हळू आवाजात विचारले होते.)

"हो, पेटी मीच मागवली."

"छे, हात नाही लावत मी. विभागप्रमुख झालं की हात स्वच्छच राहतात. हसलात का?"

"सेल बनवता येतात असे तिघेच. ताई, धाकटी आणि लांब्या. ताई तर शेवटचे कित्येक महिने हॉस्पिटलमध्येच होत्या."

"पॉलिमरची बाटली? ती कधीच संपली. ताई आजारी पडल्या तेव्हाच. त्यांच्याशिवाय कुणाला शिजवता आलं नाही."

"पॉलिमरशिवायचे साधे सेल? या पेटीत चार-पाच दिवस. तेवढे दिवस छाती काढून उभे असतात, मग कडेच्या गोंदातून ओल आत शिरली की एका संध्याकाळीत सगळे आडवे. पॉलिमरवाले तसे जात नाहीत. आधीच्या खेपेला पाहिलंय. एकेक करून, कुरकुरत जातात."

"कारण? अहो, ताईंचं टेबल आणि प्रकल्प मी लांब्याला दिला. पोरगी पेटून उठली."

"काल संध्याकाळी ती एकटीच आत होती आणि तेव्हाच काचांच्या विजेचा आलेख कोसळला. आणखी काय पाहिजे?"

"लिहा ना, बाई. एकच शब्द आहे: घातपात."

४

बाईंनी एक पिवळी काच चिमट्यात धरून खिडकीशी नेली. बाहेर राखेसारखा उजेड. तेवढा पुरला.

काचेच्या कडा गोंदाने बंद केलेल्या होत्या. हा गोंद बाईंच्या ओळखीचा. प्रखर दिव्याखाली महिने काढले की तो चहाच्या कपाच्या तळासारखा तपकिरी होतो.

हा पाण्यासारखा स्वच्छ होता.

बाईंनी दुसरी काच घेतली, मग तिसरी. आठही तशाच. आणि प्रत्येक काचेच्या एका कोपऱ्यात, पिवळ्या थरातच, नखाएवढी एक अर्धचंद्राची खूण होती.

५

लांब्या नावाला जागणारा माणूस होता. दारातून येताना मान वाकवायची सवय इतकी, की उघड्या मैदानातही वाकून चालेल.

"या बाई. माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर रांगेत या, आधी मीच उभा आहे."

"ताईंचं आणि तुमचं पटायचं का?"

"मुळीच नाही. मी म्हणायचो, ताई, तुमचं पॉलिमर म्हणजे फाटक्याला ठिगळ. मूळ पदार्थच सुधारायला हवा. त्या म्हणायच्या, अरे उंटा, ठिगळ नीट लावता येणं हीसुद्धा विद्या आहे." तो हसला. हसू मध्येच कुठेतरी अडकलं. "तुम्ही रोज पेटीकडे जाता का, असं विचाराल आता. जातो. माझ्याही काचा त्याच खोलीत मोजतो. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत."

"मी विचारलं नव्हतं."

लांब्या म्हणाला, "तिला काय होईल?"

"कोणाला?"

"धाकटीला."

"काढून टाकतील."

"पण पुरावा कुठाय?"

"पुरावा लागत नाही," बाई म्हणाल्या. "सही लागते."

त्याचा चेहरा उतरला. पुढचा विनोद आलाच नाही.

६

ताईंच्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ पिशवीत सामान भरत होते. चष्म्याचं घर, लोकरीची टोपी, पेन. ताईंचे यजमान. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"तुम्हीच का त्या चौकशीच्या? बसा. खुर्ची तिचीच आहे, पण आता काय."

बाई बसल्या नाहीत. "ताईंना इथली खबर कळायची का?"

"कळायची म्हणजे! आलेख फोनवर दिसायचा ना. सकाळी औषधाच्या आधी तो. डॉक्टर म्हणायचे, बाई, तुमचे रिपोर्ट तरी असे बघा." मास्तरांनी टोपीची घडी घातली, उलगडली, परत घातली. "सरळ सपाट रेषा. मधूनच थोडी वर चढायची, मग पुन्हा सपाट. ती वर चढली की ही हसायची. डोळे मिटून. 'वेडा कुठला', असं पुटपुटायची. मला वाटायचं मलाच म्हणते."

"किती वेळा चढायची?"

"बऱ्याचदा. दर थोड्या दिवसांनी." मास्तरांनी वर पाहिलं. "चांगलंच ना ते? वर जाणं?"

बाईंनी पिशवीचा बंद बांधून दिला.

७

म्हातारा माणूस दर थोड्या दिवसांनी थोडा थोडा तरुण होत नाही.

८

"दोघांनी एकेक काच करून दाखवा," बाईंनी सांगितलं.

ग्लोव्हबॉक्स म्हणजे काचेची बंद पेटी. तिच्या भिंतीतून रबरी मोजे आत गेलेले, त्यांत हात घालून काम करायचं. आत काच गरगर फिरते, तिच्यावर द्रावण पसरतं, आणि नेमक्या क्षणी वरून दुसऱ्या द्रवाची धार सोडायची. तेव्हाच दाणे बसतात. क्षण चुकला की काच गेली. इथे ती धार अजून हातानेच सोडत. हे काम दुसऱ्याच्या हाताने होत नाही आणि ज्याच्या हाताने होतं त्याची खूण राहते.

धाकटी पाटावर चढून उभी राहिली. धार काचेच्या मधोमध पडली. थर काळा झाला तेव्हा मध्यभागी एक बारीक गोल वलय दिसलं.

मग लांब्या. मोजे त्याच्या मापाचे नव्हतेच कधी. हात आत मावेनात, म्हणून त्याचं मनगट वाकलं आणि धार तिरकी, एका कोपऱ्यावर पडली. काम सफाईचं होतं. काच काळी झाली, चकचकीत झाली.

आणि तिच्या कोपऱ्यात अर्धचंद्र उमटला.

बाईंनी पिवळ्या काचांपैकी एक ग्लोव्हबॉक्सच्या बाहेरून, त्याच्या ताज्या काचेशेजारी धरली.

लांब्याने मोज्यांतून हात काढले नाहीत. तसाच उभा राहिला, दोन्ही हात आत, अडकल्यासारखा.

"तू?" धाकटी म्हणाली. "तू मारल्यास?"

"नाही," बाई म्हणाल्या. "यानेच जगवल्या होत्या."

९

"यातली एकही काच सासरी फार दिवस नांदलेली नाही," बाई म्हणाल्या. "गोंद नवा आहे. आठही एकदम मेल्या, म्हणजे एकाच दिवशी बनवलेल्या. पॉलिमर तर कधीच संपलेलं, म्हणजे या साध्या, चार-पाच दिवसांच्या. आणि आलेख मधूनमधून चढतो. नवा सेल दिव्याखाली ठेवला की पहिले काही तास थोडा सुधारतो. जुना कधीच नाही. कोणीतरी दर थोड्या दिवसांनी आठही काचा काढून नव्या ठेवत होतं. काल संध्याकाळी कोणी काहीच केलं नाही. गेले चार-पाच दिवस कोणी काही केलं नाही, म्हणून त्या मेल्या."

लांब्याने हात बाहेर काढले.

"ताई हॉस्पिटलात गेल्या आणि त्यांच्या दोन काचा पिवळ्या पडल्या," तो म्हणाला. "मीच पाहिलं. रेषा खाली यायला लागली. मी त्यांना भेटून आलो होतो, त्यांच्या उशाशी तो फोन. बाई, त्या जेवत नव्हत्या, पण ती रेषा बघत होत्या. मी म्हटलं, आठवडाभर. बरं वाटेपर्यंत. मग बरं वाटेचना. मग थांबायचं कसं?"

"आणि त्या गेल्यावर थांबलात."

"कोणासाठी करू?" लांब्या म्हणाला. "हिच्यावर येईल असं स्वप्नातही नव्हतं. आणि बोललो असतो तर काय सांगितलं असतं? ताईंचं पॉलिमर फुकट होतं? मातीही वाळली नाही अजून."

"ताईंना माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"नाही!"

"ज्या बाईने आयुष्यभर हे आलेख वाचले, तिला रेषेची चढण कळणार नाही? हसायच्या त्या. 'वेडा कुठला' म्हणायच्या. सेल करू शकणारी दोनच माणसं उरली होती, आणि त्यांतला वेडा एकच."

लांब्या तिथेच जमिनीवर बसला. इतका लांब माणूस बसल्यावर किती लहान दिसतो ते त्या दोघींनी पाहिलं.

धाकटी रडत नव्हती. ती संतापली होती. "म्हणजे तू त्यांच्यावर दया केलीस, त्यांनी तुझ्यावर केली. आणि मी? मी महिनोन् महिने त्या रेषेवर प्रबंध लिहितेय! दोघांनाही एकदा माझी आठवण झाली नाही?"

बाईंनी लांब्याला विचारलं, "दोन पिवळ्या पडल्या म्हणालात. आणि बाकीच्या सहा?"

"काय?"

"ताईंच्या मूळ आठांपैकी सहा. त्या मेल्या नव्हत्या ना? त्यांचं काय केलंत?"

लांब्याने वर पाहिलं, आणि आपण काय केलं होतं ते त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

१०

त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या केबलींच्या गुंत्यामागे, चंदेरी कागदात गुंडाळलेली एक पुडी होती. सोबत दुसरी, त्याच्या स्वतःच्या साध्या काचांची, त्याच सुमारास टाकलेली.

साध्यांची आधी उघडली. पिवळ्या. सगळ्याच.

ताईंची पुडी उघडायला धाकटीने बराच वेळ लावला. कागद काचेला चिकटला होता. कडांचा गोंद तपकिरी झालेला. दोन काचा पिवळ्या.

सहा काळ्या होत्या.

साध्या खणात, साध्या हवेत, कोणी न बघता, काळ्याच्या काळ्या.

"म्हणजे चालत होतं," धाकटी कुजबुजली. "ताईंचं चालत होतं."

"काहीतरी चालत होतं," बाई म्हणाल्या. "किती, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. खणात पडून राहणं ही परीक्षा नव्हे. परीक्षा त्या पेटीत होती, आणि यांना तिथून उतरवलं गेलं."

लांब्याने तोंडावर हात घेतले. "मला वाटलं मेल्याच सगळ्या. मला वाटलं मी झाकतोय." बोटांमधून पुढचे शब्द अर्धवट आले. "काय झाकलं मी?"

११

सरांनी सगळं उभ्याने ऐकलं. मग दार लावलं.

"वीज गेली होती असं लिहा," ते म्हणाले. "पेटीतली हवा बिघडली, काचा गेल्या. अपघात. महिन्यांचा आलेख आहेच. हिचा प्रबंध वाचतो, याची नोकरी वाचते, ताईंचं नाव राहतं. कोणाचं काय वाईट होतंय, सांगा."

खरोखरच कोणाचं वाईट होत नव्हतं, निदान त्या खोलीतल्या कोणाचं. लांब्या धाकटीकडे पाहत होता. त्याच्या नजरेत याचना होती, पण ती स्वतःसाठी होती की ताईंसाठी हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"तो आलेख ज्या सेलचा आहे त्यात पॉलिमर नाहीच, सर," बाई म्हणाल्या. "कंपनी तो बघून पॅनेलं करेल. ती लोकांच्या छपरांवर जातील. आणि मरून माझ्याच टेबलावर येतील."

"तुम्हाला काय विचारलं होतं, बाई?"

"काचा कोणी मारल्या, हे विचारलं होतं." बाईंनी कागदावर दोन ओळी लिहून सही केली. "कोणीही नाही. घातपात नाही. हे झालं माझं उत्तर. आलेखाबद्दल मला विचारलेलं नाही. पण कोणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

कागद त्यांनी सरांना दिला नाही. धाकटीच्या हातात दिला.

धाकटीने तो वाचला. ती आता निर्दोष होती. तिला कोणी काढू शकत नव्हतं. गप्प बसली असती तर सत्र संपायच्या आत डॉक्टर झाली असती.

खाली गाड्यांची दारं वाजली.

१२

बैठकीच्या खोलीत कंपनीची तीन माणसं होती. पडद्यावर तो आलेख, सपाट, सुंदर. सरांनी घसा साफ केला.

धाकटी त्यांच्या आधी उठली. चंदेरी कागद तिने टेबलावर पसरला आणि आठ काचा एका रांगेत मांडल्या.

"ताईंच्या काचा या आहेत," ती म्हणाली. "यातल्या दोन मेल्या. सहा जगल्या. किती जगल्या असत्या ते आम्हाला माहीत नाही, कारण आम्ही त्यांना मध्येच उतरवलं."

कंपनीतल्या वयस्क बाईंनी पडद्याकडे बोट केलं. "मग तो आलेख कशाचा?"

धाकटीने लांब्याकडे पाहिलं नाही.

"ते चित्र आहे," ती म्हणाली. "आमच्यातल्या एका माणसाने एका आजारी माणसासाठी काढलेलं. त्याच्यावर छप्पर उभं राहणार नाही."

कोणी रागावलं नाही, ते जास्त वाईट होतं. माणसांनी कागद गोळा केले, वयस्क बाई सहा काळ्या काचांकडे क्षणभर वाकल्या, "पुन्हा केलंत तर कळवा," म्हणाल्या, आणि गाड्या आल्या तशा गेल्या. लांब्याने ताईंच्या टेबलाची किल्ली सरांसमोर ठेवली. आपलं लेखी म्हणणं उद्या देतो म्हणाला आणि मान न वाकवता दारातून गेला. कपाळ चौकटीवर आपटलं. तो थांबलाही नाही.

सरांनी पडदा बंद केला.

"सत्र संपेपर्यंत," ते शेवटी धाकटीला म्हणाले. "तोवर टेबल वापर. पुढे मला ते रिकामं लागेल."

१३

बाई कोट चढवून जिन्यात आल्या तेव्हा धाकटी पायरीवर बसलेली होती. बाहेर दिवस होता, पण त्याला दिवस म्हणायला मन धजत नव्हतं.

"बरोबर केलं का मी?" तिने विचारलं.

"माहीत नाही. मी फक्त मेल्यावर येते."

धाकटी हसली नाही. "बाटली रिकामी आहे. पॉलिमर पुन्हा शिजवावं लागेल. ताई शिजवताना मी शेजारी उभी असायचे. सगळं तसंच करते, तोच ताप, तेच ढवळणं, तरी माझ्या हाताने गाठी होतात. दर वेळी. कधी धड झालंच नाही. एका सत्रात काय होणार?"

बाई दोन पायऱ्या उतरल्या होत्या. त्या थांबल्या.

"त्या गाठी कधी कापून बघितल्यास?"

"गाठी? नाही. फेकून देते."

"ताईंनी बघितल्या होत्या?"

"त्यांच्या कुठे व्हायच्या!"

बाईंनी कोटाची बटणं परत काढायला सुरुवात केली, एकेक, सावकाश.

"चल," त्या म्हणाल्या. "आज गाठीच करू आणि कापून बघू."

धाकटी उठली. दोघी वर निघाल्या.